'गुरुचरित्रा'तील मृतवत्सा आणि दत्तकाचा प्रश्न

दत्तसंप्रदायाच्या वाङ्मयावर आजवर जे लेखन झाले, त्यात 'गुरुचरित्रा'चा काल, त्यातील पाठभेद आणि नृसिंहसरस्वतींच्या चरित्रातील ऐतिहासिक अंश यांची चर्चा विपुल आहे. त्या मानाने ग्रंथात जागोजाग येणाऱ्या अपत्यशोकाकडे अभ्यासकांचे लक्ष फारसे गेलेले नाही. वस्तुतः हा ग्रंथ घराघरांत टिकून राहिला तो त्यातील वेदान्तापेक्षा संसारातील आर्तांच्या कथांमुळे, आणि या आर्तांत ज्यांची मुले जगत नाहीत अशा स्त्रिया सर्वांत ठळक आहेत. संस्कृत ग्रंथकार त्यांना 'मृतवत्सा' म्हणतात.

या प्रश्नाचा विचार मराठवाड्याच्या आग्नेय भागाकडे पाहून करणे सयुक्तिक ठरेल. लातूर जिल्ह्यातील जळकोट हे गाव माहूर आणि गाणगापूर या दोन दत्तक्षेत्रांच्या जवळजवळ मध्यावर येते. ईशान्येस अत्रि-अनसूयेचे स्थान मानले गेलेले माहूर आणि नैर्ऋत्येस नृसिंहसरस्वतींचे कर्मस्थान गाणगापूर. उदगीरचा हा सारा परिसर १९५६ पर्यंत हैदराबाद संस्थानाच्या आणि पुढे त्याच नावाच्या राज्याच्या बीदर जिल्ह्यात मोडत असे. मराठी आणि कानडी येथे सरमिसळ नांदल्या. ग्रंथकार सरस्वती गंगाधर हाही मूळचा कानडी भाषक. तेव्हा जळकोटसारख्या गावी मार्गशीर्षात सप्ताह बसतो, तेव्हा ऐकणाऱ्यांना या पोथीचा भूगोल दूरचा वाटत नाही, आणि त्यातील दुःखही परके वाटत नाही.

प्रचलित पोथीत अशा स्त्रियांची एक मालिकाच आहे. पाचव्या अध्यायात पीठापूरची सुमता येते; तिचे पुष्कळ पुत्र गेले, उरले ते एक पांगळा व एक आंधळा. आठव्यात कुरवपूरची अंबिका मंदबुद्धी मुलाला घेऊन नदीत जीव देण्यास निघते. एकोणचाळिसाव्या अध्यायात साठी गाठलेली गंगा आहे. तिला आधी कन्या व मग पुत्र होतो. बाविसाव्यात तर वांझ म्हैसही दूध देते, आणि ग्रंथकाराला या मालिकेचे किती अगत्य होते ते तिथे कळून येते. परंतु या सर्वांत वाङ्मयदृष्ट्या अव्वल ठरते ती विसाव्या-एकविसाव्या अध्यायांतील शिरोळची ब्राह्मणपत्नी.

या स्त्रीचे पुत्र जन्मतात आणि दगावतात. ती एका विप्राला कारण विचारते. तो कर्मविपाक सांगतो: पूर्वजन्मी तिने शौनकगोत्री ब्राह्मणाचे द्रव्य घेतले, ते परत केले नाही, त्याने आत्मघात केला, आणि तोच पिशाच होऊन तिची मुले नेतो. (दत्तकविधीचे जे वचन निबंधकारांनी प्रमाण मानले तेही शौनकाच्याच नावावर आहे, पण या नामसादृश्यावर काही उभारणे धाडसाचे होईल.) कृष्णा-पंचगंगेच्या संगमावरील औदुंबराची ती सेवा करते, गुरू स्वप्नात येऊन पिशाचाशी तडजोड घडवितात, तिला दोन फळे मिळतात व दोन पुत्र होतात. सामान्य माहात्म्यकथा येथे संपली असती. सरस्वती गंगाधराने ती येथे संपविली नाही. मंगलकार्याची सिद्धता चालू असता त्यांतला एक मुलगा मरतो. आई प्रेत सोडीत नाही. जाळावयाचे तर आपल्यासह जाळा, असे म्हणते. एक ब्रह्मचारी येऊन देहाचे अनित्यत्व, कर्माचे बंधन, जन्ममरणाचा फेरा हे सर्व तिला समजावितो. त्याचे बोलणे शास्त्रशुद्ध आहे आणि तिला ते पटत नाही. तिचा प्रश्न तत्त्वज्ञानाचा नसून विश्वासाचा आहे. भयाने ज्याचा आश्रय घेतला तोच आश्रय अंगावर कोसळला तर शरण तरी कोणाला जावे, आणि देवाने दिलेले देवच नेऊ लागला तर त्याच्या शब्दावर विसंबावे कोणी, असा तिचा रोख आहे. शेवटी ती प्रेत घेऊन औदुंबरापाशी जाते आणि पादुकांवर डोके आपटते. त्या रात्री स्वप्नात गुरूंना यावे लागते आणि मूल उठते.

मध्ययुगीन मराठीत देवाशी भांडण नवे नाही. नामदेव-जनाबाईंनी ते आपलेपणाने केले आहे. पण त्यांच्या भांडणात लाड आहे. येथे मांडीवर प्रेत आहे, आणि म्हणून या स्त्रीचा शब्द वेगळ्या वजनाचा होतो. तिला गप्प करण्यासाठी आणलेला उपदेशक ग्रंथकाराने दुबळा रेखाटलेला नाही. तरीही जय तिला दिला आहे. हे श्रेय ग्रंथकाराला मोकळ्या मनाने दिले पाहिजे.

तथापि ग्रंथाने तिला जे उत्तर दिले त्याची चिकित्सा टाळता येणार नाही. कारणमीमांसा प्रथम घेऊ. मुले जातात त्याचा दोष आईच्या माथी येतो. बापाच्या पूर्वजन्माची चौकशी कोणी करीत नाही. पुढची गोष्ट याहून सूक्ष्म आहे. और्ध्वदेहिक करावयाचे ते धनको ब्राह्मणाचे, गती मिळते ती त्याच्या पिशाचाला. गेलेल्या मुलांसाठी मात्र काही करावे असे कथेत कोठेच येत नाही. यात ग्रंथकार धर्मशास्त्राच्या बाहेर गेलेला नाही. चौथ्या महिन्यापर्यंत स्राव, पाचव्या-सहाव्यात पात, त्यापुढे प्रसूती असा भेद करून स्मृतिकारांनी जितके महिने तितक्या रात्रींचे अशौच सांगितले, आणि ते मुख्यतः मातेला. दोन वर्षांच्या आतील मुलाला भूमीत ठेवावे, उदकदान नको, असा नियम. गर्भ गेल्यावर स्त्रीने किती दिवस दूर बसावे हे शास्त्राने मोजून दिले. त्या गर्भाला निरोप कसा द्यावा हे दिले नाही. सटवाईने कपाळी तेवढेच लिहिले होते, एवढे म्हणून घर कामाला लागते. पारायणाला बसलेल्या घरात अशी एखादी ऐकणारी असली, तर शिरोळच्या बाईचा आक्रोश तिला स्वतःचा वाटणे स्वाभाविक आहे. पण 'पूर्वजन्मीचे ऋण' हे शब्दही तिच्याच कानावर पडतात, हे विसरून चालणार नाही.

आता दुसरा प्रश्न. इतक्या मृतवत्सा आणि वंध्या स्त्रियांच्या या कथांत दत्तकाचा मार्ग एकदाही कोणी सुचवीत नाही. गुरू प्रत्येक वेळी औरस संततीच देतात. दत्तकाची चाल त्या काळी अपरिचित होती असे नाही. 'मनुस्मृती'त आपत्काली आईने किंवा बापाने उदकपूर्वक दिलेल्या पुत्राची व्याख्या आहे. पुढे 'दत्तकमीमांसा', 'व्यवहारमयूख' आदी निबंधांत त्याचा ऊहापोह विस्ताराने झाला. परंतु तो वाचला म्हणजे ध्यानात येते की तेथील चर्चा पिंडाची, गोत्राची आणि वारसाची आहे. दत्तक घेतला जातो तो पुरुषासाठी. विधवा घेते तेही पतीच्या नावे. मुलाच्या ठिकाणी पुत्राची 'छाया' असावी असा आग्रह आहे, पण रिकाम्या पाळण्याजवळ बसलेल्या स्त्रीच्या मनाचा तेथे संबंध नाही. तिच्या दुःखावर दत्तक हा उपाय असू शकतो ही कल्पना शास्त्राने केली नव्हती. म्हणून भक्तिकथेलाही ती सुचली नाही, असे अनुमान करण्यास जागा आहे.

गंमत अशी की ज्या देवतेच्या संप्रदायाचा हा ग्रंथ, तिचे नावच 'दत्त', म्हणजे दिलेला. 'भागवता'त या नावाची व्युत्पत्ती आहे: संतती इच्छिणाऱ्या अत्रीला भगवंताने 'मी स्वतःलाच दिले' असे म्हटले, म्हणून तो दत्त. धर्मशास्त्राच्या परिभाषेत बोलायचे तर हा 'स्वयंदत्त' होय. मनूच्या बारा प्रकारच्या पुत्रांत त्याची गणना आहे. पुराणांत दत्त अनसूयेच्या उदरी जन्मतो. 'गुरुचरित्रा'च्या चौथ्या अध्यायात मात्र गर्भ नाही, प्रसूती नाही. तिघे देव अतिथी म्हणून दारी येतात, अनसूयेच्या पुढे बालके होतात, ती त्यांना स्तन्य देते, पाळण्यात घालते, आणि वर मागण्याची वेळ येते तेव्हा ही बालके आपल्याच घरी पुत्र म्हणून राहावीत एवढेच मागते. परक्यांची लेकरे दारात आली आणि तिने ठेवून घेतली. टीकाकारांनी येथे पातिव्रत्याचा महिमा पाहिला, आणि ग्रंथकाराचा उद्देशही बहुधा तोच असावा. परंतु कथेचा सांगाडा दत्तकाचा आहे, हे नाकारता येत नाही.

पाचवा अध्याय त्याला पुष्टी देतो. भिक्षेकऱ्याच्या रूपात दत्त सुमतेच्या दारी येतो आणि तिला 'जननी' म्हणून हाक मारतो. ती तो शब्दच धरून बसते: जननी म्हणालात, आता तो बोल खरा करा. मातृत्व येथे हाकेने सुरू होते, गर्भ नंतरचा. पुढे हाच श्रीपाद विवाह नाकारून घर सोडतो आणि ती आई पुन्हा रडते. कारंज्याच्या अंबेच्या वाट्यालाही तेच येते. देवाने दिलेला मुलगा घरी राहत नाही, हे या ग्रंथाने दोनदा सांगितले आहे. त्यामुळे औरस पुत्रप्राप्तीचा त्याने केलेला जयघोष वाटतो तितका निःशंक राहत नाही.

या सांगाड्यातील अर्थ महाराष्ट्रात प्रत्यक्षात आला तो दत्तसंप्रदायाच्या बाहेर. जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी पुण्यात १८६३ मध्ये बालहत्या प्रतिबंधक गृह काढले. काशीबाई या ब्राह्मण विधवेचा मुलगा १८७४ मध्ये त्यांनी आपला केला, तोच यशवंत. वंशासाठी दुसरे लग्न करण्याचा मार्ग जोतीरावांनी पत्करला नव्हता. येथे जातीची, गोत्राची 'छाया' पाहिली गेली नाही. जोतीराव १८९० मध्ये वारले तेव्हा दत्तकाच्या अधिकारावर भाऊबंदांनी हरकत घेतली आणि टिटवे सावित्रीबाईंनी हाती धरले, असे चरित्रकार सांगतात. पिंडाच्या हक्कावरून उठलेला तो वाद दत्तकाच्या जुन्या कल्पनेचाच होता.

कायद्याने ही कल्पना सावकाश सोडली. उदगीरचा परिसर १ नोव्हेंबर १९५६ रोजी मुंबई राज्यात आला आणि त्याच वर्षी २१ डिसेंबरला हिंदू दत्तक व निर्वाह कायदा अमलात आला. त्याने मुलगी दत्तक घेणे मान्य केले. दत्तहोम अनिवार्य नाही, मूल प्रत्यक्ष देणे व घेणे हेच आवश्यक, असे ठरविले. देण्याची ही क्रिया कायद्याने मध्यभागी ठेवली, हे 'दत्त' शब्दाच्या अभ्यासकाला नोंदण्याजोगे वाटेल. मात्र पती हयात असलेल्या स्त्रीला मूल घेण्याचा अधिकार नव्हता. पती घेई, ती संमती देई. तिला स्वतः, पतीच्या संमतीने, दत्तक घेता येऊ लागले ते २०१० च्या दुरुस्तीने. आज २०१५ च्या बाल न्याय कायद्याखाली कोणत्याही धर्माच्या दांपत्याला अनाथ मूल आपले करता येते. गर्भ राहून राहून गेलेल्या कित्येक घरांत हा मार्ग आता घेतला जातो, आणि नवसही सुटलेला नसतो.

अशा घरात चौथा अध्याय कसा ऐकला जातो, याचा अभ्यास झालेला नाही. त्यात एक अडचण रूढीचीही आहे. 'गुरुचरित्र' स्त्रियांनी स्वतः वाचू नये, श्रवण करावे, असा दंडक संप्रदायात दीर्घकाळ चालत आला. अलीकडे काही ठिकाणी तो सैल झाला आहे. म्हणजे शिरोळच्या बाईचे बोलणे शतकानुशतके पुरुषाच्या तोंडूनच स्त्रियांच्या कानी पडले. दत्तजयंतीच्या सायंकाळी मात्र पोथी मिटते आणि देवाचा पाळणा हलविला जातो. त्याची दोरी बायकांच्या हाती असते.