‘फॉरेस्ट’ या शब्दाचे कूळ

‘फॉरेस्ट’ला आपण ‘वन’ हा प्रतिशब्द सहज देतो. पण दोहोंचे कूळ निराळे. बहुतेक कोशकार हा शब्द लॅटिनमधील ‘बाहेर’ या अर्थाच्या ‘फोरिस’शी जोडतात. मध्ययुगीन युरोपात ‘फॉरेस्ट’ म्हणजे नुसती झाडी नव्हे, तर राजाच्या शिकारीसाठी राखलेला प्रदेश. १९२७ च्या भारतीय वन कायद्याने या शब्दाची व्याख्याच केली नाही. ‘वृक्ष’ या शब्दात मात्र बांबूही घातला. १९९६ साली सर्वोच्च न्यायालयाने ‘फॉरेस्ट’चा कोशातील अर्थ प्रमाण मानला.

चंद्रपूर-गडचिरोलीच्या बोलण्यात ‘फॉरेस्ट’ म्हणजे वनखाते. झाडीला लोक जंगल वा रान म्हणतात. हा भेद अडाणीपणाचा नव्हे. शब्दातील जुनी राजसत्ता त्यात अचूक टिपली आहे. आपल्या ‘वन’ या भाषांतरात ती झाकली जाते. २००६ च्या वनहक्क कायद्याने बांबू गौण वनोपज ठरला आणि २०११ साली लेखा-मेंढ्याच्या ग्रामसभेकडे बांबूचे वाहतूक-परवाने देण्याचा अधिकार आला. एका शब्दाची व्याख्या बदलताच गावाची मिळकत बदलली. म्हणून भाषांतरकाराने कोश उघडावा, तसाच गावकऱ्यांचा शब्दही ऐकावा.