साहस-खेळाचा निकष आणि ‘माझा प्रवास’

वाङ्मयप्रकाराचे नाव टिकते आणि त्याखालील वस्तू पालटते, हा अनुभव तौलनिक अभ्यासकाला नवा नाही. संगणकीय खेळांतील ‘अ‍ॅडव्हेंचर’ हे त्याचे अलीकडचे उदाहरण होय. विल क्राउदर याने १९७६च्या सुमारास केंटकीतील गुहांवरून रचलेल्या आणि १९७७ मध्ये डॉन वुड्सने वाढविलेल्या मूळ खेळात चित्र नव्हते, केवळ मजकूर होता. खेळणाऱ्याने दोन शब्दांत आज्ञा द्यावी, वस्तू उचलावी, तिचा उपयोग ओळखावा आणि पुढची वाट मोकळी करावी. प्रकाराला नाव मिळाले ते याच खेळावरून. पुढे हाताची चपळाई मागणाऱ्या खेळांनीही ‘अ‍ॅक्शन’ हा शब्द जोडून ते नाव घेतले.

२०१५ मधील ‘द ऑर्डर : १८८६’ हा असाच एक खेळ. त्यातील कल्पित लंडनमध्ये बंडखोरांची पुढारी म्हणून झाशीची राणी लक्ष्मीबाई अवतरते. मात्र खेळणाऱ्याच्या वाट्याला मुख्यतः नेमबाजी येते. कथेला वळण देणारे प्रसंग बहुधा चित्रपटासारखे समोरून सरकतात. राणी आहे, शस्त्रे आहेत. साहस आहे काय?

हा प्रश्न मराठीत विचारायचा तर विष्णुभट गोडसे यांच्या ‘माझा प्रवास’कडे वळावे लागते. वरसईचा हा भिक्षुक द्रव्यार्जनासाठी उत्तरेस निघाला आणि १८५८च्या वेढ्यात झाशीत अडकला. तो लढत नाही. लपावे कोठे, कोणाशी काय बोलावे, जवळचा पैसा कोणत्या क्षणी सोडून द्यावा, एवढेच निर्णय त्याच्या हाती आहेत. (स्मृतिग्रंथांत ‘साहस’ हे बलात्काराने केलेल्या अपराधाचे नाव आहे; त्या अर्थाने झाशीत साहस केले ते लुटणाऱ्यांनी.) पुढे काळपीच्या वाटेवर, विहिरीपाशी, त्याला पराभूत राणी पुन्हा भेटते. तेथेही प्रसंग पाणी कोणी काढावे एवढाच आहे. परिस्थिती वाचून वाट काढणे हा क्राउदरच्या खेळाचा निकष लावला, तर या शस्त्रहीन वृत्तान्ताला साहसकथा म्हणणे अधिक न्याय्य ठरते.

आपल्या समीक्षेने मात्र हा ग्रंथ प्रामुख्याने १८५७चे साधन म्हणून तपासला. चिं. वि. वैद्य यांनी १९०७ मध्ये तो प्रसिद्ध केला, तो भाषेत आणि मजकुरात फेरफार करून. मूळ संहितेसाठी दत्तो वामन पोतदारांच्या १९६६च्या आवृत्तीपर्यंत थांबावे लागले. साधन म्हणून वाचताना भिक्षुकाची भीती, दक्षिणेचा हिशेब, गंगेची कावड हे सारे फापटपसारा वाटते. साहसकथा म्हणून वाचताना तीच कावड कथेचा कणा ठरते, कारण घरी पोचवायची वस्तू तीच आहे.

एक आक्षेप मात्र मान्य केला पाहिजे. खेळणारा फसला तर पुन्हा आरंभ करतो. गोडसे सुमारे पंचवीस वर्षांनी, आपण वाचलो हे ठाऊक असताना लिहितात. निर्णयाची अनिश्चितता त्यांच्या गद्यात तरीही कशी शिल्लक राहते, याचा शोध पोतदारांच्या संहितेतील वाक्यरचनेपासून सुरू करावा लागेल.