एका जमिनीचे दोन मसुदे

१९८८ साली, तीन महिन्यांच्या अंतराने, पॅलेस्टाइनबद्दलचे दोन मजकूर जगासमोर आले. १८ ऑगस्टला हमासची सनद आणि १५ नोव्हेंबरला अल्जियर्समध्ये यासर अराफत यांनी वाचून दाखवलेला स्वातंत्र्याचा जाहीरनामा. पहिल्याखाली कुणा लेखकाचं नाव नाही. दुसऱ्याचा मसुदा महमूद दरवीश या कवीने लिहिला होता.

या दोन बाजूंची आपल्याकडची ओळख साधारण अशी: पीएलओ आणि त्यातली सर्वांत मोठी संघटना फतह म्हणजे सेक्युलर राष्ट्रवादी, हमास म्हणजे धर्मवादी. आधी राष्ट्र होतं, मग धर्म आला आणि सगळं बिघडलं. रीलमध्ये बसेल इतकी सोपी गोष्ट. पण दोन्ही मजकूर शेजारी ठेवून वाचले की ती टिकत नाही.

नावापासूनच बघू. फतहच्या पूर्ण अरबी नावाची आद्याक्षरं सरळ क्रमाने लावली तर 'हतफ' होतं, म्हणजे मरण. म्हणून ती उलटी लावली आणि 'फतह' झालं, म्हणजे विजय. आपलं 'फत्ते' तिथूनच आलंय. कुराणातल्या ४८व्या सुरेचं नावही हेच. फतहच्या संस्थापकांपैकी खलील अल-वझीर तरुणपणी मुस्लिम ब्रदरहूडमध्ये होते. आणि दरवीशने लिहिलेला तो 'सेक्युलर' जाहीरनामा? त्याची सुरुवात अल्लाहच्या नावाने होते आणि शेवट कुराणातल्या आयतीने. उलट हमासच्या सनदेचं १२वं कलम सांगतं की राष्ट्रवाद हा श्रद्धेचाच भाग आहे. म्हणजे धर्म आणि राष्ट्र दोन्हीकडे आहेत. मग फरक कुठे आहे?

फरक जमिनीत आहे. सनदेच्या ११व्या कलमानुसार पॅलेस्टाइन ही कयामतीपर्यंतच्या सर्व मुस्लिम पिढ्यांसाठीची वक्फ आहे. वक्फ हा शब्द आपल्याला नवा नाही. वक्फ मालमत्तेला राखणदार असतो, पण ती विकू शकेल असा मालक नसतो. सनद हा नियम अख्ख्या देशाला लावते. त्यामुळे कुठलाही राजा, कुठलाही अध्यक्ष, कुठलीही संघटना त्यातला तुकडा देऊ शकत नाही.

दरवीशच्या मजकुरात ही जमीन तीन एकेश्वरवादी धर्मांची भूमी आहे, पण तिचा दावेदार एक लोकसमूह आहे. तो तिथे जन्मला, तिथून हाकलला गेला, आणि त्याच्या वतीने बोलणारी एक परिषद आहे. म्हणूनच हा मजकूर संयुक्त राष्ट्रांच्या १९४७च्या फाळणीच्या ठरावाचा, क्रमांक १८१चा, आधार घेऊ शकतो. हाच ठराव पॅलेस्टिनी नेतृत्वाने चाळीस वर्षं नाकारला होता. थोडक्यात, एका मसुद्यात सही करायचा अधिकार कुणालातरी आहे. दुसऱ्यात तो कुणालाच नाही.

पण सही न करण्याची ही भूमिका हमासने शोधलेली नव्हती. १९६८च्या पीएलओच्या सनदेतही संपूर्ण भूमी आणि सशस्त्र लढा हाच एकमेव मार्ग, असंच होतं. १९६७च्या युद्धात अरब राष्ट्रांचा पराभव झाल्यावर फतहच्या गनिमांचं वजन वाढलं आणि १९६९मध्ये अराफत पीएलओचे अध्यक्ष झाले. पुढे जॉर्डनमधून हकालपट्टी झाली, मग १९८२मध्ये बैरूत सोडावं लागलं. ट्युनिसमध्ये बसलेलं नेतृत्व हळूहळू जमिनीच्या एका भागावर समाधान मानायला तयार झालं.

तेव्हा गाझात शेख अहमद यासीन यांची संस्था मशिदी, दवाखाने, बालवाड्या चालवत होती. ब्रदरहूडची ही शाखा सशस्त्र लढ्यापासून लांब राहिली. इस्रायलनेही तिला वाढू दिलं, कारण पीएलओला परस्पर शह बसत होता. डिसेंबर १९८७मध्ये इंतिफादा पेटली, पोरं दगड घेऊन रस्त्यावर आली आणि नुसत्या बालवाड्या चालवून भागेना. त्याच महिन्यात हमासची स्थापना झाली. धर्म या मंडळींकडे आधीपासून होता. राष्ट्रवाद त्यांना उशिरा आणि घाईघाईने सिद्ध करायचा होता. म्हणूनच सनद २७व्या कलमात पीएलओला वडील, भाऊ, नातलग म्हणते आणि तिथेच तिच्या सेक्युलर विचाराला नकारही देते. राष्ट्रवाद्यांनी १९८८मध्ये जी भूमिका खाली ठेवली, ती हमासने त्याच वर्षी उचलली आणि तिला वक्फचं कुलूप लावलं.

मजकूर म्हणून सनद वाईट आहे, आणि फक्त भाषेमुळे नाही. २२व्या कलमात फ्रेंच राज्यक्रांतीपासून दोन महायुद्धांपर्यंत सगळ्यामागे ज्यूंचा हात दिसतो. रोटरी आणि लायन्स क्लबसुद्धा या यादीत आहेत. ३२व्या कलमात रशियात रचलेल्या बनावट 'प्रोटोकॉल्स'चा दाखला येतो. हा युरोपातून उसना आणलेला ज्यूद्वेष आहे. गावातून हाकललेल्या शेतकऱ्याचं खरं गाऱ्हाणं त्याच्याखाली दबून जातं. तक्रार एका राज्याविरुद्ध, एका ताब्याविरुद्ध असेल तर तिच्यावर तोडगा निघू शकतो. अख्ख्या जमातीच्या कारस्थानावर तोडगा नसतो, आणि मग बसमधला कुठलाही प्रवासी शत्रू ठरतो. नव्वदच्या दशकातल्या आत्मघाती हल्ल्यांत तेच झालं.

दरवीशचा मजकूर कितीतरी देखणा आहे. पण त्यातही एक मोठी जागा रिकामी आहे. राज्य घोषित होतं, जेरुसलेम राजधानी ठरतं, सीमा मात्र सांगितलेली नाही. कवितेत असं चालतं, करारात त्याची किंमत मोजावी लागते. १९९३च्या ओस्लो करारात पीएलओने इस्रायलला राष्ट्र म्हणून मान्यता दिली. बदल्यात इस्रायलने पीएलओला पॅलेस्टिनी लोकांचा प्रतिनिधी मानलं, राज्याला मान्यता दिली नाही. दरवीशने निषेध म्हणून पीएलओच्या कार्यकारिणीचा राजीनामा दिला. तेव्हा वेस्ट बँकमध्ये, पूर्व जेरुसलेम वगळता, इस्रायली वसाहतींत लाखभराहून थोडे अधिक लोक होते. आज ते पाच लाखांच्या वर आहेत. ज्याला सही करता येत होती त्याने केली, आणि हातात हे पडलं. वक्फच्या युक्तिवादाला याहून मोठी मदत कुणी केली नसेल.

पण तो युक्तिवाद चालवणाऱ्यांनाही तो पेलला नाही. २००६मध्ये हमास निवडणुकीत उतरली आणि १३२पैकी ७४ जागा जिंकली. पुढच्याच वर्षी फतहशी रक्तरंजित संघर्ष झाला आणि गाझा व वेस्ट बँक दोन सत्तांखाली गेले. २०१७मध्ये हमासने नवा दस्तऐवज काढला. त्यात १९६७च्या सीमांवरचं राज्य राष्ट्रीय सहमतीचा भाग म्हणून मान्य केलं आणि भांडण ज्यूंशी नसून झायोनिस्ट प्रकल्पाशी आहे असं म्हटलं. इस्रायलला मान्यता मात्र नाही, आणि १९८८ची सनदही रद्द केली नाही. आम्ही सॉफ्टवेअरवाले जाणतो, जुनी आवृत्ती न काढता नवी शेजारी ठेवली की प्रत्यक्षात कोणती चालू आहे ते बाहेरच्याला कळत नाही. ७ ऑक्टोबर २०२३ला कोणती चालू होती, ते दिसलं. इस्रायलमध्ये सुमारे १,२०० माणसं मारली गेली. त्यानंतरच्या इस्रायली हल्ल्यांत, गाझाच्या आरोग्य मंत्रालयाच्या आकड्यांनुसार, ६०,०००हून अधिक.

या सगळ्यात ज्यांच्या नावाने दोन्ही मसुदे लिहिले गेले, त्यांना कधी विचारलं? संसदेची शेवटची निवडणूक जानेवारी २००६ची. महमूद अब्बास २००५मध्ये चार वर्षांसाठी अध्यक्ष झाले, अजून खुर्चीत आहेत. २०२१ची जाहीर झालेली निवडणूक त्यांनीच पुढे ढकलली. गाझात हमासने तर मत मागण्याची गरजच ठेवली नाही. एक बाजू म्हणते सहीचा अधिकार आमचा, दुसरी म्हणते तो कुणाचाच नाही. दोघांनाही मतपेटी अडचणीचीच वाटते.

२००६च्या त्या निवडणुकीत मतदानाचं वय १८ होतं. म्हणजे सनद आणि जाहीरनामा ज्या महिन्यांत लिहिले गेले, तेव्हा जन्मलेलं मूल काही महिन्यांनी हुकलं. आज ते पस्तिशी ओलांडून गेलंय, कदाचित त्याला स्वतःची मुलं असतील. आपल्या संसदेसाठी त्याने आजवर एकदाही मत दिलेलं नाही.