मद्यनियमनाच्या परिभाषेतील कर्ता

म्हाइंभटाने लीळाचरित्र सिद्ध केले ते रिद्धपुरास. त्या गद्यात कोण बोलले व कोणी केले, हे वाचकास शोधावे लागत नाही. हीच कसोटी आपल्या मद्यविषयक परिभाषेस लावून पाहणे उद्बोधक ठरेल.

१९४९ च्या मुंबई दारूबंदी कायद्याच्या नावात पुढे ‘महाराष्ट्र’ आले. ‘दारूबंदी’ तशीच राहिली. वस्तुतः मद्यविक्रीचे परवाने याच कायद्याखाली मिळतात आणि अंमल ‘राज्य उत्पादन शुल्क विभागा’कडे असतो. कायद्याचे नाव निषेधाचे, खात्याचे महसुलाचे. आरोग्य दोहोंतही नाही.

गावातील दुकान स्त्रियांच्या विशेष मतदानाने बंद करावयाचे, तर नोंदलेल्या स्त्री-मतदारांपैकी निम्म्याहून अधिकींनी ‘आडव्या बाटली’स मत द्यावे लागते. त्या दिवशी मजुरीस गेलेली स्त्री अशा रीतीने ‘उभ्या बाटली’च्याच पदरात पडते. येथे कर्ता स्पष्ट आहे. परंतु सारा भार ग्रामस्त्रीवर आहे.

‘जबाबदारीने प्या’ हे उत्पादकांचे आज्ञार्थी वाक्यही असेच. आज्ञा पिणाऱ्यास, गाळणारा व विकणारा वाक्याबाहेर. दूरचित्रवाणीवर मद्याच्या जाहिरातीस मनाई, म्हणून तेच नाव सोड्याच्या बाटलीवर झळकते.

शब्द बदलल्याने व्यसन सुटत नाही, हा आक्षेप रास्त आहे. तथापि जागतिक आरोग्य संघटना ज्या उपायांवर भर देते, ते म्हणजे करवाढ, उपलब्धतेवर मर्यादा व जाहिरातबंदी. त्यांचा कर्ता शासन आहे आणि बंधन उत्पादक-विक्रेत्यांवर आहे. कायद्याच्या मराठीने या दोघांस प्रथम वाक्यात आणावे. उत्तरदायित्वाचा प्रश्न त्यानंतरच नीट विचारता येईल.