माग घरचा, बाजार कोणाचा? केल्टींचं ‘टू बिट्स’ टेमघरहून वाचताना

सिनॉप्सिसच्या दुसऱ्या मसुद्यात गाईड मॅडमनी एकाच वाक्याखाली पेन्सिलने रेघ मारली होती. शब्द माझे होते, विचार क्रिस्टोफर केल्टी यांचा: ‘ओपन सोर्स वेब एजन्सीत काम करणारे लोक हे रिकर्सिव्ह पब्लिकचे सदस्य असतात.’ समासात मॅडमनी एवढंच विचारलं होतं, ‘तू स्वतः होतीस का?’

पीएचडीला येण्याआधी मी चार वर्षं अशाच एका छोट्या एजन्सीत काम केलं. ड्रुपल आणि वर्डप्रेसवर वेबसाइट बनवून द्यायच्या, सांभाळायच्या, हाच तिथला धंदा. तरी मॅडमच्या प्रश्नाचं उत्तर द्यायला मला तीन आठवडे लागले. तुमच्यापैकी बरेच जण सध्या पेटची तयारी करताय किंवा सिनॉप्सिस लिहिताय, म्हणून ते उत्तर इथे मांडते. एखादी सुंदर संकल्पना आपल्या विषयाला चिकटवताना काय निसटतं, ते यातून दिसेल.

आधी पुस्तकाबद्दल. ‘टू बिट्स’ २००८ साली ड्यूक विद्यापीठाच्या प्रकाशनाने काढलं. केल्टी मानववंशशास्त्रज्ञ आहेत. बोस्टन, बर्लिन, ह्यूस्टन आणि आपलं बंगळूर इथल्या संगणकवाल्यांमध्ये राहून त्यांनी हे लिहिलं. त्यांचा प्रश्न साधा आहे: ही माणसं वेगवेगळ्या देशांतली, वेगवेगळ्या राजकीय मतांची, मग त्यांना एकत्र काय बांधून ठेवतं? उत्तर म्हणजे रिकर्सिव्ह पब्लिक. ज्या पायावर आपण एकत्र आलो, तो पाया स्वतः बांधण्याची, बदलण्याची आणि सांभाळण्याची क्षमता हीच ज्या समुदायाची मुख्य काळजी असते, असा समुदाय. सभेला आलेल्यांनी सभागृहही आपणच बांधायचं आणि दुरुस्त करायचं, असं काहीसं.

फ्री सॉफ्टवेअर कशाने घडतं, हे सांगताना केल्टी पाच गोष्टी मांडतात: सोर्स कोड वाटून घेणं, खुल्या प्रणालींची कल्पना करणं, परवाने लिहिणं, सहकार्याची घडी बसवणं आणि चळवळ उभी करणं. पुस्तकाची मोठी ताकद इथे आहे. ‘हौशी लोक फुकट का राबतात?’ या घिस्यापिट्या प्रश्नातून ते आपल्याला बाहेर काढतं.

आता माझा एजन्सीतला दिवस बघा. टेमघरहून राजनोली नाका, कोनगाव, दुर्गाडी पूल करत शेअर रिक्षाने कल्याण स्टेशन, तिथून लोकलने ठाणे. ऑफिसात पोचल्यावर पहिली गोष्ट टाइमशीट. प्रत्येक अर्ध्या तासासमोर कुठल्यातरी ग्राहकाचं नाव हवं. एका जुन्या मराठी साइटचं मायग्रेशन माझ्याकडे होतं. हजारो पानांचा मजकूर जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टमध्ये. तो युनिकोडमध्ये आणला की रफार भलत्याच अक्षरावर बसायचा, जोडाक्षरं फुटायची. त्यात एका ड्रुपल मॉड्यूलमधली चूक मला सापडली. देवनागरी शीर्षक लांब असलं की ते मॉड्यूल अक्षर मधूनच तोडायचं. मी दोन दिवस खपून ती दुरुस्त केली आणि पॅच ड्रुपल.ऑर्गवर पाठवायची परवानगी मागितली. सर म्हणाले, “पाठव की. पण हे तास कुठल्या क्लायंटवर टाकायचे?”

ते वाईट माणूस नव्हते. महिन्याच्या शेवटी पगार काढायचे असतात. पॅच ग्राहकाच्या कोडमध्येच राहिला. सात महिन्यांनी मॉड्यूलची नवी आवृत्ती आली, पॅच तिला लागेना, आणि मी तेच काम पुन्हा केलं. या वेळी मात्र ते तास ‘देखभाल’ म्हणून बिलात गेले.

इथे एक गैरसमज दूर करते, कारण तो मी सेमिनारमध्ये वारंवार ऐकलाय. वर्डप्रेस, ड्रुपल हे जीपीएल परवान्याखाली आहेत, म्हणजे केलेला बदल समुदायाला परत द्यावाच लागतो, असं अनेकांना वाटतं. तसं नाही. जीपीएल सांगतं की तुम्ही सॉफ्टवेअर ज्याला वितरित कराल, त्याला सोर्स आणि तेच हक्क द्या. एजन्सीने ग्राहकाला कोड दिला की अट पुरी झाली. परत देणं ही रीत आहे, कायदा नाही. आणि रीत पाळायला वेळ लागतो.

केल्टींच्या पाच गोष्टींमध्ये नेमका हा वेळ कुठे नाही. कंपन्या त्यांना दिसत नाहीत असं मी म्हणत नाही. १९९८ साली नेटस्केपने आपला सोर्स खुला केला, त्यावर त्यांनी सविस्तर लिहिलंय. पण काम करणाऱ्याचा तास कोणी विकत घेतलाय, आणि म्हणून पाया दुरुस्त करायचा हक्क असूनही तो कोणाला वापरता येत नाही, हा प्रश्न संकल्पनेच्या बाहेर राहतो.

मला तो दिसला त्याचं कारण भिवंडी आहे. आमच्या घरामागे यंत्रमागांचा खडखडाट रात्रंदिवस चालतो. इथले कितीतरी कारखानदार मजुरीवर कापड विणतात. माग त्यांच्या मालकीचा. पण सूत व्यापाऱ्याचं, तयार कापडही व्यापाऱ्याचं, आणि हातात मीटरमागे ठरलेली मजुरी. ‘साधनाचा मालक कोण?’ एवढंच विचारलं, तर कारखानदार स्वतंत्र धंदेवाला दिसतो. ‘काम कोण देतं, दर कोण ठरवतं?’ असं विचारलं की चित्र पालटतं. ओपन सोर्सवरचं बरंचसं लेखन पहिल्या प्रश्नावरच थांबतं.

ही तुलना फार ताणायची नाही, हेही सांगते. कोडची प्रत काढली तर मूळ कोड संपत नाही, कापडाचं तसं नसतं. मला महिन्याचा पगार होता, एसी ऑफिस होतं आणि नोकरी बदलता येत होती. मागावर बारा तास उभ्या असलेल्या कामगाराशी माझी बरोबरी करणं लबाडी होईल. साम्य फक्त साधन आणि बाजार यांच्या फारकतीपुरतं आहे.

तुम्ही म्हणाल, ड्रुपलने यावर उपाय केलाय. खरं आहे. २०१५ पासून ड्रुपल.ऑर्गवर योगदान नोंदवताना ते स्वयंसेवक म्हणून केलं, कुठल्या संस्थेच्या वेळात केलं की कुठल्या ग्राहकासाठी केलं, हे सांगता येतं. या नोंदींवरून निघालेल्या अहवालांत कामाचा मोठा हिस्सा संस्थांच्या पैशातून होतो, असंच दिसलं. शिवाय २०१६ च्या फेब्रुवारीत ड्रुपलकॉन एशिया आयआयटी मुंबईत भरली होती, म्हणजे समुदाय आमच्यापासून पवईइतका जवळ आलेला. पण नोंद होते ती पोचलेल्या कामाची. माझा पॅच पोचलाच नाही, म्हणून त्या विदेत मी नाही. फक्त या नोंदींवर प्रबंध उभारला, तर ज्यांना वेळ मिळाला त्यांचाच अभ्यास होईल. डेव्हिड रोझास यांनी सरे विद्यापीठातल्या ड्रुपलवरच्या प्रबंधात कोडपलीकडचं, कमी दिसणारं योगदानही मोजायला हवं असा मुद्दा मांडलाय. माझी भर एवढीच की न पोचलेलं कामही शोधायला हवं.

वर्डप्रेसचं उदाहरण आणखी ताजं आहे. १२ ऑक्टोबर २०२४ रोजी ‘ॲडव्हान्स्ड कस्टम फील्ड्स’ या लोकप्रिय प्लगइनची वर्डप्रेस.ऑर्गवरची जागा संकेतस्थळ चालवणाऱ्यांनी आपल्याकडे घेतली आणि त्याचं नाव ‘सिक्युअर कस्टम फील्ड्स’ केलं. मूळ प्लगइन डब्ल्यूपी इंजिन या कंपनीचं; मॅट मुलेनवेग आणि त्या कंपनीचा वाद तेव्हा कोर्टात पोचला होता. १० डिसेंबरला अमेरिकेतल्या न्यायालयाच्या अंतरिम आदेशानंतर ती जागा परत मिळाली. मधल्या काळात जगभरच्या एजन्सींना ग्राहकांना समजवावं लागलं की आपल्या साइटवर नेमकं काय अपडेट झालंय. कोड सगळ्यांचा, पण तो जिथून येतो ती खिडकी एकाच्या हातात.

केल्टी यावर म्हणू शकतील की मग फोर्क करा, वेगळी चूल मांडा. इतिहास त्यांच्या बाजूने आहे: २००३ साली वर्डप्रेस स्वतःच ‘बी टू’ नावाच्या प्रकल्पातून फुटून निघालं, २००५ साली जूमला मॅम्बोतून. फोर्कची शक्यता असणं हीच समुदायाची ताकद, हा त्यांचा मुद्दा मला पटतो. पण वेगळी चूल मांडायला सरपण लागतं. सहा माणसांची एजन्सी तीस ग्राहकांच्या साइट सांभाळत असताना ते कुठून आणणार?

म्हणून माझं मत असं: रिकर्सिव्ह पब्लिक ही संकल्पना टाकाऊ नाही. पण सदस्यत्व हे हो किंवा नाही असं नसतं, ते तासांत मोजावं लागतं. हक्क सगळ्यांना सारखा, वापरण्याची ऐपत वेगवेगळी.

तुम्ही सिनॉप्सिस लिहिताना उसनी संकल्पना घेतलीत, तर दोन गोष्टी कागदावर उतरवा. ती कोणाकडे पाहून घडली? आणि तुमची विदा ज्या नोंदींतून येते, त्या नोंदीत कोणाचं नाव येऊच शकत नाही? मी दुसरा प्रश्न विचारलाच नव्हता, आणि मजा म्हणजे त्याचं उत्तर मीच होते.

तिसऱ्या मसुद्यात ते वाक्य असं झालं: ‘एजन्सीतले कामगार रिकर्सिव्ह पब्लिकमध्ये केव्हा, किती तासांसाठी आणि कोणाच्या खर्चाने सामील होतात, हे या संशोधनात तपासले जाईल.’ मॅडमनी या वेळी रेघ मारली नाही. फक्त ‘कोणाच्या खर्चाने’ याला गोल केला आणि शेजारी लिहिलं, ‘इथून सुरू कर.’