नामकरण आणि निवाडा

मानसशास्त्रीय संशोधनाची नीती प्रायः संमती आणि गोपनीयता या दोन अटींत सामावलेली मानली जाते. या समजुतीची मर्यादा हेन्री गॉडर्ड यांच्या ‘द कॅलिकॅक फॅमिली’ (१९१२) या ग्रंथाची संहिता म्हणून चिकित्सा केल्यास स्पष्ट होते.

न्यू जर्सीतील व्हाइनलंड येथील संस्थेत ठेवलेल्या एका मुलीची वंशावळ गॉडर्ड येथे मांडतात. पूर्वज एकच, एक शाखा मद्यगृहातील ‘मंदबुद्धी’ तरुणीपासूनची, दुसरी विवाहित, क्वेकर पत्नीपासूनची. कुटुंबाची ओळख झाकण्यासाठी योजलेले ‘कॅलिकॅक’ हे नाव ‘सुंदर’ व ‘वाईट’ या अर्थांच्या दोन ग्रीक शब्दांतून घडवले आहे. म्हणजे गोपनीयतेची अट पाळणारी कृतीच निवाडाही देते. पहिल्या शाखेतील ४८० वंशजांपैकी १४३ मंदबुद्धी आणि ४६ सर्वसाधारण ठरवले गेले. उरलेल्या २९१ जणांविषयी निर्णय नाही. तरीही वाचकाच्या मनावर ठसते ती दोन शाखांची रेखीव सममिती. ही अनिर्णीत बहुसंख्या त्या कथनात कोठेच बसत नाही.

जोन सीबर व बार्बरा स्टॅन्ली यांनी १९८८ मध्ये ‘सामाजिकदृष्ट्या संवेदनशील संशोधना’ची चर्चा करताना प्रश्नाची मांडणी, सहभागींशी वर्तन, संस्थात्मक संदर्भ आणि निष्कर्षांचा अन्वयार्थ व उपयोग असे चार पैलू वेगळे केले. असे विषय टाळणे हीदेखील जबाबदारीची टाळाटाळच होय, हा त्यांचा आग्रह रास्त आहे. मात्र गॉडर्ड यांच्या संहितेत हे पैलू क्रमाने येत नाहीत. अन्वयार्थ नामकरणातच येऊन बसलेला असतो आणि पुरावा त्यामागून येतो. त्यामुळे भाषा ही संशोधनाची केवळ अखेरची पायरी मानता येत नाही.

संमतीची अटही येथे अपुरी पडते. ज्यांच्यावर अशा निष्कर्षांचा भार पडला, त्यांतील असंख्य जण या अभ्यासाचे सहभागी कधी नव्हतेच. हा ग्रंथ सुप्रजननवादी चळवळीचा आधार बनला. १९२७ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने व्हर्जिनिया राज्याचा सक्तीच्या निर्बीजीकरणाचा कायदा वैध ठरवला. १९२८ मध्ये गॉडर्ड यांनी आपली काही मते बदलली. पण लेखक माघार घेतो तेव्हा संहिता माघार घेतेच असे नाही. ती मुलगी १९७८ मध्ये मृत्यू येईपर्यंत संस्थेच्या आश्रयातच राहिली.

म्हणून संशोधनाचा नैतिक हिशेब मागताना त्यातील नावे, प्रवर्ग आणि कथनाची रचना यांनाही जाब विचारावा लागतो. वाङ्मयसमीक्षेची साधने येथे उपरी ठरत नाहीत. किंबहुना ती येथे अनिवार्य ठरतात.