ड्रॅगनफ्लाय : जवारीच्या कसोटीवर

ऑडिओक्वेस्ट या अमेरिकन कंपनीचा ‘ड्रॅगनफ्लाय’ नावाचा एक डॅक आहे. दिसायला पेन ड्राइव्हसारखा, लांबी सहा सेंटिमीटरच्या आसपास. एका टोकाला यूएसबीची पिन, दुसऱ्या टोकाला हेडफोनचं भोक. फोनमध्ये गाणं आकड्यांच्या रूपात, आवाजाच्या नमुन्यांत, साठवलेलं असतं, त्या आकड्यांचा पुन्हा विद्युतप्रवाह करून तो कानापर्यंत पोचवायचा, एवढंच डॅकचं काम. प्रत्येक फोनच्या पोटात एक डॅक असतोच. पण तिथे त्याला रेडिओ, पडदा, प्रोसेसर, चार्जिंग यांच्या गर्दीत, मिळेल त्या जागेत भागवावं लागतं. ड्रॅगनफ्लायला दुसरं कामच नाही.

पहिला ड्रॅगनफ्लाय २०१२ सालचा. तो संगणकासाठी होता. त्याला लागणारी वीज फोनला परवडत नसे. २०१६ मध्ये ‘ब्लॅक’ आणि ‘रेड’ ही दोन रूपं आली आणि त्यांत मायक्रोचिप कंपनीचा खूप कमी वीज घेणारा नियंत्रक बसवला गेला. त्यामुळे हा डॅक फोनच्या जोरावर चालू लागला. रचना गॉर्डन रँकिन यांची. हेडफोनचा जॅक काढून टाकलेला आयफोन ७ त्याच वर्षी आला. फोनला बाहेरचा डॅक जोडणं ही तोवर मूठभर शौकिनांची गोष्ट होती, ती आता गरजेची होऊ लागली होती.

मला या यंत्राबद्दल लिहायचं आहे ते एका विशिष्ट गाण्याच्या संगतीनं. एचएमव्हीच्या तबकडीवर निघालेला आणि पुढे कॅसेट, सीडी अशा सगळ्या रूपांत घराघरांत गेलेला किशोरी आमोणकरांचा भूप. आधी विलंबित ख्याल, मग ‘सहेला रे’. हे ध्वनिमुद्रण न ऐकलेला मराठी श्रोता विरळाच. पण यातला तंबोरा आपण खरोखर ऐकलाय का, हा प्रश्न मला डॅक जोडल्यावर पडला. किशोरीताईंचा आवाज तर बसमध्ये फोनच्या स्पीकरवरही आपल्याला गाठतो. तंबोऱ्याला मात्र वाट करून द्यावी लागते.

ती वाट जोडणीपासून सुरू होते. ड्रॅगनफ्लायची पिन जुन्या, रुंद यूएसबीची. फोनचं भोक टाइप-सी. मध्ये ओटीजी अडॅप्टर लागतो. हा अडॅप्टर म्हणजे नुसता आकार बदलणारा तुकडा नाही. एरवी फोनला केबल लावली की फोन वीज घेतो आणि संगणकाचं ऐकतो. इथे त्यानं वीज द्यायची आहे आणि सूत्रं हाती घ्यायची आहेत. ही भूमिका बदलते ती अडॅप्टरमधल्या एका बारक्या रोधामुळे, ५.१ किलोओहमच्या. टाइप-सीच्या एका ठराविक पिनेवर हा रोध दिसला की फोन ओळखतो, पलीकडे आपल्यावर अवलंबून असलेलं कुणीतरी आलं आहे. आणि पाच व्होल्टचा पुरवठा सुरू करतो. मग विचारपूस होते. फोन विचारतो, तू कोण? यंत्र स्वतःचं वर्णन सांगतं: मी ध्वनीचं उपकरण, मला सेकंदाला ४४,१०० नमुने चालतात, ४८,००० चालतात, ८८,२०० आणि ९६,००० सुद्धा, २४ बिटांपर्यंत. हे सगळं आपण पिन सारून हात मागे घेईपर्यंत उरकलेलं असतं. (काही फोनमध्ये ओटीजीचं बटण सेटिंगमध्ये दडलेलं असतं आणि थोडा वेळ वापर झाला नाही की आपोआप बंद होतं. जोडूनही काहीच होत नसेल तर आधी ते पाहावं.)

९६,००० वर थांबण्याला मी या यंत्राचा गुण मानतो. बाजारात ३८४ आणि ७६८ किलोहर्ट्झचे आकडे मिरवणारे डॅक ढिगानं आहेत. ड्रॅगनफ्लायनं ती शर्यत नाकारली. बदल्यात तो यूएसबीच्या जुन्या, सर्वांना ठाऊक असलेल्या ध्वनिमानकात बसतो आणि कुठलाही ड्रायव्हर मागत नाही. किशोरीताईंचा भूप मुळात चुंबकीय फितीवर मुद्रित झालेला आहे. त्या फितीची स्वतःची सरसर १६ बिटांच्या सीडीच्या तळापेक्षा कितीतरी वर असते. १६ बिटांत सुमारे ९६ डेसिबलचा पल्ला मावतो. त्या काळच्या फितीला तेवढा गाठणं शक्यच नव्हतं. सीडीवरून काढलेली १६ बिट, ४४.१ किलोहर्ट्झची फाइल अविकृत पोचली तर या गाण्याचं काही राहून जात नाही. प्रश्न ती अविकृत पोचते का, हा आहे.

इथे यंत्रावरचा दिवा कामाला येतो. ड्रॅगनफ्लायच्या अंगावर चतुराची आकृती कोरलेली आहे आणि तिच्यातून उजेड येतो. नुसतं जोडलं की लाल. ४४.१ किलोहर्ट्झचे नमुने येऊ लागले की हिरवा, ४८ चे आले की निळा. आता अँड्रॉइड फोनवर नेहमीच्या अ‍ॅपमधून सीडीची फाइल लावा. दिवा हिरवा व्हायला हवा, पण बहुधा निळा होतो. कारण फोनला गाण्याबरोबर व्हॉट्सअ‍ॅपची टिंग आणि नकाशातल्या बाईंचा आवाजही मिसळायचा असतो. त्यासाठी तो सगळ्यांना एकाच गतीवर, साधारणपणे ४८ वर, आणतो. ४४.१ चं ४८ करायचं म्हणजे दर १४७ नमुन्यांच्या जागी १६० नवे नमुने गणितानं काढायचे. चांगल्या पद्धतीनं केलं तर कानाला फरक फार थोडा जाणवतो, हे मान्य केलंच पाहिजे. पण किशोरीताईंच्या गळ्यातून निघालेले आकडे जसेच्या तसे पोचावेत आणि मध्ये कुणी हात लावू नये, असं वाटण्यात मला काही गैर वाटत नाही. ‘यूएसबी ऑडिओ प्लेयर प्रो’सारखं अ‍ॅप स्वतःचा ड्रायव्हर वापरून अँड्रॉइडचा हा मिसळणारा टप्पा टाळतं. २०२३ मध्ये आलेल्या अँड्रॉइड १४ नं तर आकडे अविकृत पाठवण्याची सोयच अ‍ॅपना दिली. हे जमलं की दिवा हिरवा होतो. एवढा साधा पुरावा इतक्या सुबकपणे समोर ठेवणारं यंत्र मला दुसरं माहीत नाही.

पण या रचनेतली सर्वांत देखणी जागा दिसत नाही. ती आहे वेळेची.

फोन यूएसबीवरून दर एक मिलिसेकंदाला एक गठ्ठा पाठवतो. सेकंदाला ४४,१०० नमुने म्हणजे मिलिसेकंदाला ४४.१. आता नमुन्याचा दहावा हिस्सा कसा पाठवणार? म्हणून नऊ गठ्ठे ४४ चे जातात आणि दहावा ४५ चा. जुन्या पद्धतीत डॅक या येणाऱ्या गठ्ठ्यांवरून आपली गती ठरवी, आणि फोनच्या घड्याळातली प्रत्येक चलबिचल त्याच्या अंगी लागे. ड्रॅगनफ्लायमध्ये हे उलटं आहे. घड्याळ डॅकचं, आणि फोननं त्याच्याशी जुळवून घ्यायचं. डॅक थोड्या थोड्या वेळानं मागे कळवत राहतो की सध्या मला इतक्या वेगानं हवं आहे. फोन त्याप्रमाणे एखादा नमुना अधिकउणा पाठवतो. ख्यालात बढत कितीही पसरली तरी ठेका तबलजीच्या हाती असतो, तसं इथे काळ शेवटच्या टोकाच्या हाती आहे, आणि तो तिथेच असावा लागतो. कारण आकडा बरोबर असून चुकीच्या क्षणी उमटला तर उमटणारी आवाजाची रेषा चुकलेलीच असते. ही रेषा पायऱ्यापायऱ्यांची असते असा एक समज फार पसरलेला आहे. तो खरा नाही. क्लॉड शॅनन यांनी १९४९ मध्ये मांडलेला सिद्धांत सांगतो की ठराविक मर्यादेतला आवाज पुरेशा नमुन्यांतून अखंड, गोलाईसह परत मिळतो. सीडीसाठी ही मर्यादा २२.०५ किलोहर्ट्झ, म्हणजे माणसाच्या कानाच्या पल्याड. मींड तुटत नाही.

आता तंबोऱ्याकडे. भूपात मध्यम आणि निषाद नाहीत; तंबोरा पंचमात लावलेला. तार छेडली की ती घोडीच्या बाकदार पाठीला पुन्हा पुन्हा निसटता स्पर्श करत राहते, आणि खाली सारलेला दोरा तो स्पर्श नेमका कुठे व्हावा हे ठरवतो. जवारी ती हीच. चंद्रशेखर वेंकट रामन यांनी १९२१ मध्ये, कलकत्त्यात असताना, या वाद्याबद्दल लिहिलं. तार ज्या बिंदूवर छेडली त्या बिंदूवर स्थिर राहणारे स्वरांश (मूळ स्वराच्या पटीतले नाद) नियमाप्रमाणे निघूच नयेत, पण तंबोऱ्यात ते जोरकस ऐकू येतात, आणि हे घोडीमुळे घडतं असं त्यांनी दाखवलं. मिरजेचे कारागीर हे शास्त्राच्या आधीपासून हातानं करत आले आहेत. मिरजेच्या तंबोऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं ते याच हातांसाठी.

खर्जाची तार समजा १०० हर्ट्झवर आहे. तिच्यातून २००, ३००, ४०० असे नाद निघतात आणि पाचवा ५००. ४०० हा दोन सप्तकं वरचा षड्ज. ५०० हा त्याचा शुद्ध गंधार. कुणीही न छेडलेला, स्वयंभू. भूपाचा वादी स्वर नेमका तोच. किशोरीताई गंधारावर येतात तेव्हा तंबोरा तो आधीच गात असतो, आणि गळा त्याच्यात असा मिसळतो की क्षणभर कुणाचं काय हे सांगता येत नाही. हार्मोनियमचा गंधार या स्वयंभू गंधारापेक्षा सुमारे १४ सेंट चढा असतो, म्हणून तिथे हे मीलन होत नाही. हे मला पुस्तकातून ठाऊक होतं. ऐकू आलं ते डॅकवर, चांगल्या हेडफोनमध्ये, दोन ओळींमधल्या विसाव्यात. आवाज थांबला, आणि मागचा झंकार खालून वर उलगडत गेला. स्वरांश एकामागून एक उजळत होते, मग पुढची छेड आली.

ब्लूटूथवर हेच का हरवतं? सीडीचा प्रवाह सेकंदाला १,४११ किलोबिटांचा. ब्लूटूथची सर्वसामान्य एसबीसी पद्धत तो साधारण ३२८ वर आणते. तेवढी काटछाट करताना सूक्ष्म, मोठ्या आवाजाच्या सावलीत असलेल्या नादांवर आधी कात्री चालते. गायकाच्या मागे मंद झंकारणारे तंबोऱ्याचे वरचे स्वरांश याच सावलीत राहतात. पॉपच्या गाण्यात ही तडजोड सहज खपते. जिथे पार्श्वभूमी हाच रागाचा पाया आहे, तिथे ती मला खपत नाही.

ब्लॅक घ्यावा की रेड? ब्लॅक १.२ व्होल्ट देतो, रेड २.१. साध्या ३२ ओहमच्या हेडफोनला ब्लॅक भरपूर होतो. ३०० ओहमचा हेडफोन असेल तर रेडचा जोर उपयोगी पडतो. त्याहून जास्त विचार हेडफोनचा करावा. माझ्या मते पैसे आधी तिथे घालावेत, मग डॅकमध्ये, आणि महागड्या केबलमध्ये कधीच नाही. फोनची बॅटरी लवकर उतरते, हा तोटा धरून चालावं.

या यंत्राची हद्दही तंबोराच दाखवतो. मिरजेला राहिलेले अब्दुल करीम खाँसाहेब तंबोरा लावण्यातल्या काटेकोरपणासाठी प्रसिद्ध होते. त्यांच्या ७८ फेऱ्यांच्या तबकड्यांवरून केलेल्या फाइली मी याच डॅकवर, हिरव्या दिव्यावर ऐकतो. त्या काळच्या मुद्रणात वरच्या नादांचा मोठा भाग मुळातच उतरलेला नाही. खाँसाहेबांचा षड्ज मिळतो, त्यांचा तंबोरा मिळत नाही, आणि भूपात ऐकलेला तो झंकार मी या तबकड्यांत दर वेळी शोधत राहतो.